लिनक्सवर ॲप घेताना: फ्लॅटपॅक, स्नॅप की ॲपइमेज?

लिनक्स मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये गिंप (फोटो सुधारायचं ॲप) शोधला की तो दोन प्रकारांत दिसतो: सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. नवखा माणूस इथेच अडतो. सिस्टिम पॅकेज तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून येतं; फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज हे वेगवेगळ्या लिनक्सवर चालावेत म्हणून बनवलेले ॲपचे प्रकार आहेत.

१. आधी सिस्टिम पॅकेज बघा. आवृत्ती थोडी जुनी असली तरी काम भागत असेल, तर तेच घ्या. जागा सर्वांत कमी लागते.

२. नवी आवृत्ती हवीच असेल, तर माझी पहिली पसंती फ्लॅटपॅकला. पहिल्या ॲपसोबत शेकडो एमबींचं रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फाइल्स) उतरतं. तेच रनटाइम वापरणारं पुढचं ॲप मात्र हलकं पडतं. निकामी झालेली रनटाइम अधूनमधून काढत जा; टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) इंग्रजी अक्षरांत द्या: ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’.

३. कधीतरीच लागणाऱ्या ॲपसाठी ॲपइमेज बरं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ती चालवायची परवानगी द्या, झालं. पण त्याला स्वतःचं सँडबॉक्स (ॲपला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) नसतं, म्हणून मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या. उबुंटू २२.०४ पासून त्याला लागणारं ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज आधीपासून बसवलेलं नसतं (२४.०४ मध्ये नाव ‘लिबफ्यूज२टी६४’). नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज चुकूनही टाकू नका, त्यापायी डेस्कटॉपचे भाग निघून जाऊ शकतात.

४. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो. स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं. ते नको असेल तर टर्मिनलमध्ये ‘स्नॅप रिफ्रेश --होल्ड’ द्या. ॲपआर्मर (ॲपवर मर्यादा घालणारी सुरक्षा यंत्रणा) नसलेल्या फेडोरावर मात्र स्नॅपचं सँडबॉक्स अर्धवटच लागू होतं, तिथे मी ते घेणार नाही.

५. फ्लॅटपॅक घेतलंत तर आता परवानग्या तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी सुरक्षितता इथेच ठरते. फ्लॅटसील (फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलायचं ॲप) उघडा, ॲप निवडा, ‘फाइलसिस्टिम’ विभागात जा. ‘ऑल यूजर फाइल्स’ चालू असेल, तर तुमचं अख्खं होम फोल्डर त्या ॲपसाठी उघडं आहे. ते बंद करा.

बंद केल्यावर एक अडचण येऊ शकते. प्लेअरमधल्या ‘ओपन’मधून सिनेमा उघडतो, पण शेजारीच असलेली सबटायटलची फाइल सापडत नाही, कारण पोर्टल (ॲपला फाइल देणारा मधला दुवा) फक्त तुम्ही निवडलेली फाइल ॲपच्या हाती देतं. अशा वेळी सगळं होम पुन्हा उघडू नका. ‘अदर फाइल्स’मध्ये फक्त सिनेमांच्या फोल्डरचा पत्ता टाका आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत ‘:आरओ’ जोडा, म्हणजे प्लेअर ते फोल्डर वाचू शकेल, बदलू शकणार नाही. मग प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करा, सबटायटल दिसायला हवीत.