एसी घेण्याआधी खिडकी मोजा

परदेशात पहिलं घर भाड्याने घेतलं, की पहिल्याच उन्हाळ्यात एसी कोणता घ्यायचा हा प्रश्न समोर येतो. घरात एसी नाही, घरमालक भिंतीला भोक पाडू देणार नाही, म्हणजे स्प्लिट एसी बाद. मग राहतात दोनच: खिडकीत बसवायचा विंडो एसी आणि चाकांवर फिरणारा पोर्टेबल. नवीन आलेली मंडळी बहुधा पोर्टेबल उचलतात. घर बदललं तरी सोबत नेता येईल, बसवायची कटकट नाही, असा विचार असतो. मीही तोच विचार केला होता आणि तो उन्हाळा फार जड गेला. म्हणून आधीच सांगते: खिडकीत एसी बसत असेल आणि घरमालकाची हरकत नसेल, तर विंडो एसीच घ्या.

असं का, ते समजून घ्या. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. विंडो एसीचा तापणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर, खिडकीच्या पलीकडे असतो. तिथली उष्णता तिथल्या तिथे वाऱ्यावर जाते. पोर्टेबलचं मात्र सगळं यंत्र तुमच्या खोलीत उभं असतं. ती उष्णता एका जाड पाइपातून खिडकीबाहेर सोडावी लागते, आणि ती ढकलायला हवा लागते. एका पाइपचं मशीन ही हवा कुठून घेतं? तुमच्या खोलीतून. आत्ताच पैसे मोजून गार केलेली हवा ते ओढतं, तापवतं आणि बाहेर फेकतं. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत येणारच. ती येते दाराखालच्या फटीतून, खिडक्यांच्या सांध्यांतून, जिन्यातून, आणि ती गरम असते.

माझ्या घरात हे मी डोळ्यांनी पाहिलं. तासभर मशीन चालूनही झोपायची खोली गार होईना, म्हणून मी दार लावलं आणि कागदाची एक पातळ पट्टी दाराखालच्या फटीपाशी धरली. पट्टी आडवी होऊन आतल्या बाजूला थरथरत राहिली. मशीन बंद केल्याबरोबर खाली लोंबली. बाहेरच्या खोलीत तर एसी घेण्याआधीपेक्षा जास्त उकडत होतं, कारण रस्त्यावरची तापलेली हवा त्या खोलीतूनच पुढे येत होती. शिवाय पाइपाला हात लावला तर चटका बसेल इतका तो तापलेला. खोली गार करायच्या यंत्राला जोडलेला दीड मीटर लांब हीटरच तो.

यात गैरसोयीपलीकडे एक धोकाही आहे. घरात गॅसवर चालणारा, धुराड्यातून धूर सोडणारा जुन्या पद्धतीचा बंब असेल, तर खोलीतल्या या ओढीमुळे धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. अशा घरात एका पाइपचं मशीन त्या बंबाजवळ लावूच नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात असलाच पाहिजे.

आता, खिडकी जमतच नसेल तर? तसं पुष्कळदा होतं. विंडो एसी मुळात वर-खाली सरकणाऱ्या खिडकीसाठी असतो: खालची झडप वर करायची, एसी चौकटीत ठेवायचा, झडप त्याच्यावर उतरवायची. खिडकी आडवी सरकणारी असेल तर अरुंद आणि उंच असा वेगळा प्रकार शोधावा लागतो, आणि त्यात निवड फार कमी असते. बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी असेल तर विंडो एसीचा विचार सोडाच. तिथे पोर्टेबलच घ्यायचा, पण दोन पाइपांचा. एक पाइप बाहेरची हवा आत आणतो, दुसरा तीच तापवून बाहेर टाकतो, आणि खोलीतली गार हवा खोलीतच राहते. काही मशीनमध्ये एकाच जाड पाइपाच्या पोटात दोन वाटा असतात, तेही चालतं. पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा, दुसरा जोडून लांब करू नका. बिजागरीच्या खिडकीला चेनचं कापड लावायचं सील मिळतं. त्याच्या कडा नीट चिकटवा, नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवा बाजूने परत आत शिरते.

खोक्यावरचा बीटीयूचा आकडा बघूनच पुष्कळ जण फसतात. एका तासात किती उष्णता उचलली जाते, त्याचं ते माप. 12,000 बीटीयू म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. पोर्टेबलच्या खोक्यावर कधीकधी दोन आकडे असतात, एक मोठ्या अक्षरात आणि एक बारीक. अमेरिकेत त्या बारीक आकड्याला एसएसीसी म्हणतात. गरम पाइप आणि फटींतून येणारी हवा यांचं नुकसान वजा करून तो काढलेला असतो. मोठा आकडा 14,000 असताना बारीक आकडा 10,000 किंवा त्याहूनही खाली असू शकतो. विंडो एसीशी तुलना करताना हा बारीक आकडाच धरायचा.

किती मोठा घ्यायचा? ढोबळ हिशेब चौरस फुटाला 20 बीटीयूचा. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला लहानातला लहान, 5,000चा विंडो एसी सहसा पुरतो. खोलीत दुपारचं ऊन येत असेल तर दहा टक्के वाढवा, स्वयंपाकघर असेल तर 4,000 वाढवा. पण ‘मोठा घेतला म्हणजे लवकर गार होईल’ असं करू नका. जास्त मोठा एसी पटकन तापमान खाली आणतो आणि बंद होतो, तेवढ्या वेळात हवेतली ओल निघत नाही. खोली गार पण चिकट राहते. पहिला आधुनिक एसी 1902 साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आखला, तोच मुळी ओलीमुळे कागद फुगत होता म्हणून. ओल काढणं हेही एसीचं मोठं काम आहे, दमट हवेच्या गावात तर आणखीच.

ही ओल पाणी होऊन कुठेतरी जायला हवी. विंडो एसीत ती मागच्या बाजूला जमते, म्हणून पुस्तिकेत दिला असेल तेवढा बाहेरच्या बाजूला उतार द्या. काही मशीन तेच पाणी पंख्याने कंडेन्सरवर उडवतात. तो छपछप आवाज म्हणजे बिघाड नव्हे. पोर्टेबलही बरंचसं पाणी पाइपातून वाफेबरोबर बाहेर काढतो, पण हवा फार दमट असली की टाकी भरते आणि मशीन मध्यरात्री बंद पडतं. मागे पाणी काढायचं बूच असतं, त्याला नळी जोडता येते का ते घेतानाच बघा.

आवाजाबद्दल थोडक्यात: पोर्टेबलचा कॉम्प्रेसर तुमच्या उशापाशी असतो, विंडोचा बाहेर. झोप सावध असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल तर एवढं कारणही पुरेसं आहे. यू आकाराचे विंडो एसी मिळतात, त्यांच्या मधल्या खाचेत झडप जवळजवळ पूर्ण खाली येते. ते आणखी शांत असतात.

‘पोर्टेबल एसी’ म्हणून पाणी भरायचा साधा कूलरही विकला जातो. नवख्या माणसाला फरक कळत नाही. बाहेर जाणारा पाइप नसेल तर तो एसी नाही. कोरड्या हवेत कूलर बरा, दमट हवेत खोली आणखी गच्च करतो.

घेण्याआधी टेप घेऊन खिडकीपाशी जा. उघडल्यावरची रुंदी, उंची, चौकट किती खोल आहे ते आणि जवळच्या प्लगपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. एक्स्टेंशन वायरवर एसी चालवू नका, ती तापून आग लागू शकते. जुन्या घरात त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा इस्त्री असेल तर फ्यूज उडत राहील. काही देशांत घरातला दाब 110 ते 120 व्होल्ट असतो, काहींत 220 ते 240, म्हणून दुसऱ्या देशातून आणलेला एसी प्लग बदलून लावू नका. भाडेकरार वाचा आणि परवानगी लेखी घ्या, कारण काही इमारतींना रस्त्याकडच्या खिडकीत एसी चालत नाही. आग लागल्यास बाहेर पडायची जी खिडकी असेल, तिच्यात तर कधीच बसवू नका.

बसवताना दोघं जण हवेत. लहान एसीही वीसेक किलोचा असतो आणि सगळं वजन मागच्या बाजूला. एकाने आत घट्ट धरून ठेवायचं, झडप खाली उतरून स्क्रू लागेपर्यंत हात सोडायचा नाही. वरच्या मजल्यावर खालून आधार देणारा ब्रॅकेट लावाच. खाली माणसं चालतात. गाडीतून आणताना मशीन आडवं झालं असेल तर उभं करून पुस्तिकेत सांगितलंय तितका वेळ थांबा, मगच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल परत जागेवर यायला वेळ लागतो.

फिल्टर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. थंडी सुरू झाली की एसी काढून पाणी निथळू द्या, वाळवा आणि उभाच ठेवा. चौकटीच्या बाजूचे फोमचे तुकडे आणि स्क्रू एका पिशवीत घालून त्याच्यावरच चिकटवा. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी तेच सापडत नाहीत.