बाळाचं ‘दचकणं’ की आकडी? या चुका टाळा

पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं. एकदम मान खाली झुकते, हात फाकतात, गुडघे पोटाशी येतात. क्षणात सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच. अशी माळच लागते, मग बाळ रडतं. घरात ठरतं: पोटात मुरडा. ग्राइप वॉटर, पोटावर हिंग, दृष्ट काढणं, यात आठवडे जातात. पण ही ‘इन्फंटाइल स्पॅझम’ म्हणजे तान्ह्या बाळांना येणारी एक प्रकारची आकडी असू शकते. तिच्यात हेच आठवडे मोलाचे असतात, कारण उपचार जितके उशिरा तितकी वाढ मागे पडते.

दचकणारं बाळ आवाजाने दचकतं, तेही एकदाच. हे आचके मात्र एकसारखे, ओळीने आणि बहुधा जाग येताना येतात. शिवाय बाळ हसेनासं होतं, नजर देईनासं होतं, धरलेली मान टाकतं. हा बदल बहुतेकदा आईलाच आधी जाणवतो. ‘उगाच काळजी करतेस’ म्हणून तिला गप्प बसवू नका. इंग्लंडमधल्या डॉ. वेस्ट यांनी १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचं वर्णन केलं, तेही स्वतःच्या मुलाला पाहूनच.

जन्मतः न रडलेल्या किंवा पहिल्या दिवसांत साखर फार उतरलेल्या बाळावर जास्तच लक्ष हवं.

दवाखान्यात बाळ नेमकं शांत असतं, म्हणून नुसतं तोंडी सांगू नका. दुपटं काढून, उजेडात, पूर्ण अंग दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

जागेपणीचा छोटा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. झोप आणि जाग दोन्ही टिपणारा ईईजी मागा. एमआरआय कारण शोधतो. तो नॉर्मल आला तरी आजार असू शकतो.

उपचारात एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं, जास्त मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा विगाबॅट्रिन हे आकडीचं औषध असतं. अंगावर फिकट पांढरे चट्टे असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवा; ते ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचं लक्षण असू शकतं आणि तो असल्यास विगाबॅट्रिनला पसंती असते. स्टेरॉइड मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. ते चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि कोणतीही लस त्यांना विचारूनच.

‘आचके निम्मे झाले’ यावर समाधान मानणं ही शेवटची चूक. ते पूर्ण थांबले पाहिजेत आणि ईईजीही सुधारला पाहिजे. साधारण दोन आठवड्यांत तसं दिसलं नाही तर औषध बदलण्याबद्दल बालमेंदूविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणारं केंद्र) थेरपीही औषधांसोबतच सुरू करा.