आउटपुट पुन्हा पुन्हा का उडतं: जुना स्टिरिओ अ‍ॅम्प दुरुस्त करायला बसलेल्यांसाठी

सेकंडहँड अ‍ॅम्प विकणारा माणूस हमखास एक वाक्य ऐकवतो, "काही नाही ओ, आउटपुट गेलंय, ट्रान्झिस्टर टाकला की चालू." ते खरं धरून लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायला घेऊ नका. आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला करंट पुरवणारा मोठा ट्रान्झिस्टर, आपणहून क्वचितच जातो. त्याला कशानं तरी घालवलेलं असतं, आणि ते कारण बऱ्याचदा अजून बोर्डावरच बसलेलं असतं. या कामात मला ज्यानं सगळ्यात जास्त रडवलं ते हेच, म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि हे सविस्तर.

मीटर धरता येतो, एनपीएन-पीएनपी कळतं, सोल्डरचा डाग स्वच्छ बसतो, एवढं मी गृहीत धरतो. आयटीआयला असाल तर ते झालेलंच असेल. नसेल तर जुन्या रेडिओच्या बोर्डावर हात बसवा, अ‍ॅम्पवर नको. इथं मेनचे २३० व्होल्ट आहेत, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर चार्ज धरून बसतो. ६८०० किंवा १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढणारे बहाद्दर आपल्याकडं कमी नाहीत. त्यांचं बघून करू नका. १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावून ठेवा, कंडेन्सरवर दहा सेकंद धरा, मीटरनं व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला.

सोलापुरातल्या सेटांचं एक जास्तीचं दुखणं आहे. पूर्व भागात कित्येकांच्या घराला लागूनच यंत्रमाग. सुताचा बारीक तूस हवेत असतोच, आणि तो वर्षानुवर्षं अ‍ॅम्पच्या जाळीतून आत जातो. झाकण काढलं की हीट सिंकच्या पात्यांमध्ये करडा, नमद्यासारखा घट्ट थर दिसतो. त्यातून हवा खेळत नाही. वर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं, म्हणजे ट्रान्झिस्टरला श्वास घ्यायला जागाच नाही. हा तूस मऊ ब्रशनं काढा, नुसता ब्लोअर मारू नका. ब्लोअरनं तो तिथून उडतो आणि प्रीसेटमध्ये (स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर), रिलेच्या पॉइंटमध्ये जाऊन बसतो.

साफ केल्यावर डोळ्यांनी बघा. काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी गोल तडा गेलेला डाग. आणि फ्यूज. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर समजा, हा सेट आधी कोणाच्या तरी घाईच्या हाताखालून गेलाय, आणि आता त्यातल्या कुठल्याच पार्टवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही. घराला आग लागू शकते, यात दुसरं मत असायचं कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. गणपती मंडळात वाजून वाजून थकलेला एक असेम्बल्ड सेट होता. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आत साधारण प्लस-मायनस ३३ व्होल्ट डीसी. दोन्ही चॅनलला सी५२०० आणि ए१९४३ ची जोडी. डावा चॅनल गेलेला. बंद सेटवर मोजलं तर दोन्ही आउटपुट शॉर्ट, एक ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारा त्याच्या आधीचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट, ०.२२ ओहमचा एक एमिटर रेझिस्टर ओपन. सगळं नवीन बसवलं. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंकच्या मधला इन्सुलेशनचा मायका तपासला, कलेक्टर ते हीट सिंक बीप नाही. उजव्या चॅनलशी एकेक रीडिंग ताडून पाहिलं, सगळं जुळलं. त्या दुकानात तेव्हा सिरीज बोर्ड (बल्बमधून सेट लावायची पाटी, पुढं सांगतो) नव्हता, सेट थेट मेनवर लागला. फ्यूज गेला, आणि दोन्ही नवे ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट. फ्यूज वितळेपर्यंत ट्रान्झिस्टर संपलेला असतो, फ्यूज त्याला वाचवू शकत नाही. तो ट्रान्सफॉर्मरला आणि घराला वाचवतो.

दोष प्रीसेटमध्ये होता, आणि तो प्रीसेट मीटरवर ठणठणीत दिसत होता.

हे नीट समजून घ्या. ड्रायव्हरच्या दोन बेसमध्ये ठरावीक व्होल्टेजचं अंतर राखायला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, बायसचा. बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट थोडंसं उघडं ठेवणं. तो बहुतेक वेळा हीट सिंकलाच चिकटवलेला असतो, म्हणजे आउटपुट तापलं की तो आपोआप बायस उतरवतो. दोन ड्रायव्हर आणि दोन आउटपुट मिळून चार जंक्शन, म्हणून हे अंतर साधारण २.२ ते २.४ व्होल्ट. ते थोडं जरी वाढलं तरी दोन्ही आउटपुट एकाच वेळी जोरात उघडतात आणि करंट स्पीकरकडं न जाता प्लसकडून सरळ मायनसकडं धावतो. हे अंतर ठरवतो तो प्रीसेट. त्याचा मधला पाय बायस ट्रान्झिस्टरच्या बेसला असेल आणि आतली पत्ती ट्रॅकवरून उचलली गेली, तर बेसला काहीच मिळत नाही, तो ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि अंतर एकदम वर जातं. आउटपुट तिथंच संपलं.

मग मीटरनं का नाही पकडलं? कारण प्रोब टेकवताना आपण प्रीसेटच्या पायावर दाब देतो. त्या दाबानं पत्ती पुन्हा ट्रॅकला टेकते आणि मीटर बरोबर आकडा दाखवतो. प्रोब उचलला की संपर्क गेला. हे कळेपर्यंत ट्रान्झिस्टरांमध्ये बरेच पैसे गेले होते, आणि आपल्याला हे काम जमणार नाही असं मनापासून वाटायला लागलं होतं. तुम्हालाही तसं वाटेल. तेव्हा हात नका टेकू, दोष लपलेला आहे एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून माझा नियम कडक आहे. आउटपुट उडालेला सेट आला की बायसचा प्रीसेट न मोजता बदलायचा. त्याची किंमत आउटपुटच्या जोडीपुढं काहीच नाही. जमलं तर सर्किट बघून तो बेस आणि एमिटरच्या मध्ये घ्या. तिथं तो ओपन झाला तर बायस कमी होतो, आवाज थोडा फाटतो, पण काही जळत नाही. कलेक्टर आणि बेसच्या मध्ये असेल तर उलटं, ओपन झाला की बायस वाढतो.

दुसरा नियम सिरीज बोर्डाचा, आणि यात सवलत नाही. एका लाकडी पाटीवर बल्बचा होल्डर, त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट, बस. त्यात फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब. एलईडी चालत नाही, सीएफएलही नाही. फिलामेंटचे बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, दिसले की चार घेऊन ठेवा. १०० वॅटच्या तापलेल्या फिलामेंटचा रेझिस्टन्स साधारण ५३० ओहम भरतो, म्हणजे आत पूर्ण शॉर्ट असला तरी मेनमधून अर्ध्या अँपियरच्या आतच करंट जाईल. गार फिलामेंटचा रेझिस्टन्स मात्र खूप कमी, म्हणून चांगल्या सेटला तो अडवत नाही.

स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सेट सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कंडेन्सर भरले आणि पुढं ठीक आहे. तसाच लखलखीत राहिला तर लगेच बंद. मंद झाल्यावर प्लास्टिकच्या काडीनं प्रीसेट, ड्रायव्हर, कनेक्टर एकेक करून हळूच हलवा आणि नजर बल्बवर ठेवा. बल्ब लुकलुकला की दोष त्या जागी आहे. वरचा प्रीसेट शेवटी असाच सापडला, काडी लागताच बल्ब भडकला. प्रोटेक्शन रिले असलेल्या काही सेटांत बल्बवर व्होल्टेज उतरल्यामुळं रिले टकटक करत नाही, त्यानं घाबरू नका. पण रिले वाजत नाही म्हणून तिला बायपास करणं हा गुन्हा आहे. ती स्पीकर वाचवायला बसवलीय.

स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. एक-दोन व्होल्ट असेल तर इनपुटच्या जोडीतले दोन छोटे ट्रान्झिस्टर आणि फीडबॅकचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बघा. पूर्ण ३३ व्होल्ट असेल आणि तुम्ही स्पीकर जोडलात, तर आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलमधून पाच अँपियरच्या वर करंट जाईल. कोन एका बाजूला ताठ होतो, वास येतो, आणि वूफर गेला. सिंगल सप्लायच्या जुन्या सेटांत आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो. तिथं कंडेन्सरच्या आधी सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसले पाहिजेत. पहिल्यांदा नेहमी टाकाऊ स्पीकरच लावा.

बायस मात्र बल्ब काढल्यावरच लावा, कारण बल्बवर सप्लाय उतरलेला असतो. एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे. ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिअँपियर. कंपनीच्या सर्किटवर आकडा दिला असेल तर तोच धरा, नसेल तर कमीपासून चढा. झाकण ठेवून अर्धा तास तापू द्या आणि परत मोजा. आपल्या उन्हाळ्यात हे दुसऱ्यांदा मोजणं टाळलंत तर सेट मे महिन्यात परत येईल.

ट्रान्झिस्टर खरेदीबद्दल. बाजारात नकली माल भरपूर आहे. आत चिप छोटी, वर छपाई चकाचक. एकदा एका दुकानातून आणलेल्या जोडीवरची अक्षरं थिनरच्या बोळ्यानं पुसली गेली. जुना २एन३०५५ असो की सी५२००, भावात फारच मोठा फरक दिसला की थांबा. गावात खात्रीचा मिळत नसेल तर पुण्याला पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या कोणाकडून मागवा. नाहीतर मेलेल्या चांगल्या सेटातून काढलेला जुना ट्रान्झिस्टर वापरा, मला तो नकली नव्यापेक्षा कधीही जास्त भरवशाचा वाटतो. एसटीके आयसीचंही (सुट्या आउटपुट ट्रान्झिस्टरांऐवजी काही सेटांत असते ती अ‍ॅम्पची आयसी) तेच. ती बदलण्याआधी तिच्या सप्लायच्या पायांवर व्होल्टेज येतंय का ते बघा. कित्येकदा आयसी चांगली असते आणि वाटेतला फ्यूज रेझिस्टर ओपन असतो.

गुरू कसा निवडायचा, हेही विचारतात. मी ज्यांच्या हाताखाली होतो त्यांना सगळे अण्णा म्हणत. "अण्णा, कुठला पार्ट टाकू?" असं विचारलं की ते मान वर न करता म्हणायचे, "किती व्होल्ट आले?" आकडा सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. तेव्हा राग यायचा. पण पार्टचं नाव लगेच सांगणारा माणूस तुम्हाला एक सेट चालू करून देतो, आणि आकडा मागणारा कारागीर घडवतो. 'हा एक पार्ट बदला आणि अ‍ॅम्प चालू' असले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची मला काळजी वाटते. मुलं हुशार असतात, पण मोजायच्या आधीच त्यांच्या हातात सोल्डर आलेलं असतं.

नवीन असाल तर पहिला सेट निवडतानाच जपा. आवाज खरखरतो, एक चॅनल येतो-जातो, व्हॉल्यूम फिरवला की करकर होते, असा सेट घ्या. कॉन्टॅक्ट क्लीनर, काही डाग, एखादा कंडेन्सर एवढ्यात तो उभा राहतो आणि तुम्हाला धीर येतो. दोन्ही चॅनल घूं करत असतील तर बहुतेक फिल्टर कंडेन्सर, तेही जमेल. ट्रान्सफॉर्मरला करपलेला वास येत असेल किंवा प्रायमरी ओपन दाखवत असेल, तर दुरुस्तीसाठी तो घेऊ नका. भंगाराच्या भावात मिळाला तरच घ्या. हीट सिंक, नॉब, स्पीकरचे टर्मिनल आणि चांगले राहिलेले ट्रान्झिस्टर काढून डब्यात ठेवा, पुढच्या सेटला लागतात.