जुन्या बुलेटचा चॉपर उघडण्याआधी

आधी कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल. पाने-पक्कड, ग्राइंडर, वेल्डिंगवाल्याला फोन, सगळं नंतर. चॉपर, म्हणजे सांगाडा कापून आणि पुढची फोर्क लांबवून केलेली बुलेट, काकांकडून आलेला असो की पुण्याच्या नाना पेठेत कुणी गळ्यात मारलेला, स्टिअरिंग हेडवर कोरलेला चासीस नंबर शोधा, रॉकेलच्या फडक्याने तिथला चिकटा पुसा, कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासून छाप घ्या. दोन छापा घ्या. मग फोटो : एक नंबरचा अगदी जवळून, एक असा की नंबर आणि अख्खी गाडी एकाच चौकटीत दिसेल. इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) असतो, त्याचीही छाप. आता आरसी बुक काढा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत ३ चा ८ आणि ८ चा बी सर्रास झालेला असतो. जुळत नसेल तर गाडी झाकून ठेवा आणि आधी आरटीओ. मिस्त्री म्हणेल, 'होतंय हो साहेब नंतर.' होत नाही.

कारण साधं आहे. चॉपर करायचा किंवा केलेला सुधारायचा म्हणजे पहिली करवत मानेवर, म्हणजे त्या स्टिअरिंग हेडवर, चालते, आणि नंबर नेमका मानेवर असतो. जोड साफ करताना ग्राइंडर जरा जास्त फिरला, सँडब्लास्टिंगवाल्याने जरा जास्त वेळ वाळू मारली, वर पावडर कोटिंगचा जाड थर बसला, की खेळ संपला. माझ्या मागच्या गाडीचं हेच झालं. नोंदणीच्या नूतनीकरणाला निरीक्षकांनी कागद लावून पेन्सिल घासली आणि ती त्या तुकतुकीत काळ्या थरावरून घसरत राहिली. कागदावर नुसता राखाडी पट्टा, त्यात एका आकड्याची पुसट कड. दाखवायला जुनी छाप नाही, फोटो नाही. पुढचे हेलपाटे सांगत बसत नाही. फक्त एक : नंबर गेला तर स्वतः पंच आणून ठोकू नका. ती खाडाखोड धरतात आणि मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. नव्याने कोरायचा तर आरटीओच्या परवानगीनेच.

छाप घेतली? मग पुढे वाचा.

आता काय करायचं ते ठरवा, आणि एकच ठरवा. आहे तसा चॉपर जपायचा, की त्यात बदल करायचे, की परत कंपनीची बुलेट करायची. अर्धं हे, अर्धं ते करणाऱ्यांच्या गाड्या गोणपाटाखाली पडून असतात. कायदा माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा आणि कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला. म्हणजे सांगाडा कापून लांबवलेली गाडी रस्त्यावर पकडली तर तुमची बाजू लंगडीच. '२०२१ चा व्हिंटेजचा नियम आलाय ना' असं कुणी सांगितलं तर त्याला नियम वाचायला सांगा. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, चासीस किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. चॉपर त्यात बसतच नाही. व्हिंटेज गाडीची 'व्हीए' अक्षरांची पाटी हवी असेल तर परत मूळ बुलेट करण्याचा रस्ता धरा, आणि त्यालाही गाडीचं वय पुरलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर ऐंशी-नव्वदच्या दशकातला, कुणा मिस्त्रीने हाताने घडवलेला चॉपर असेल तर तो जपा. मागे उंच सिसी बार (सीटमागची टेकायची दांडी), राजाराणी सीट (पुढे खोलगट, मागे उंच), माल्टीज क्रॉसचा टेललाइट, टाकीवर ब्रशने ओढलेल्या बारीक रेषा. या रेषा पुन्हा कुणी तशा ओढणार नाही. रंग पोपडे धरून सुटत नसेल तर सौम्य साबण, मग मेण, बास. क्रोमवरचा वरवरचा गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने हलक्या हाताने घासला की बराचसा जातो; पॉलिश पेपर लावलात तर क्रोमही जाईल. रेक्झिन फाटलं असेल तर आतला फोम बदला, वरचं शिवून घ्या. सगळं नवंकोरं करण्याचा सोस आवरा. नवीकोरी गाडी शोरूममध्ये मिळते.

बदल करायचेच असतील तर सगळं सुटं करण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो, आणि नट-बोल्ट पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. जुन्या बुलेटवर सगळे आटे मेट्रिक नसतात, ब्रिटिश मापाचेही सापडतात. पाना 'जवळपास बसतोय' म्हणून ताकद लावलीत तर नटाचे कोपरे जातील आणि मग छिन्नी.

सांगाडा. बुलेटची पुढची नळी इंजिनापाशी येऊन थांबते. पुढचा आणि मागचा भाग इंजिनच एकत्र धरून ठेवतं. म्हणून इंजिन काढून, सांगाडा जमिनीवर आडवा टाकून मान कापू नका. रिकामी क्रँककेस बोल्टने कसा, जिगवर, म्हणजे सांगाडा हलू न देणाऱ्या चौकटीवर, बांधा, मग करवत. नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने नळ्या ओढल्या जातात आणि शेवटी इंजिनाचे बोल्ट भोकात उतरत नाहीत. जुन्या जोडांत पितळ ओतलेलं दिसलं तर त्यावरच वेल्डिंग मारू नका, पितळ मिसळलेला जोड तडकतो. बॅटरी सोडवून ठेवा. टाकी त्या खोलीतसुद्धा नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि मानेला हात लावण्याआधी नंबरावर जाड पत्र्याची पट्टी बांधा आणि वेल्डरला तोंडावर सांगा की इथे ग्राइंडर लागला तर पैसे मिळणार नाहीत. छाप घरात, फाइलमध्ये. गाडीच्या डिकीत नाही.

मानेचा कोन नजरेने ठरवायचा नसतो. एक हिशेब देतो. १९ इंची चाक टायरसकट घेतलं तर त्रिज्या साधारण ३२५ मिलिमीटर. मान उभ्या रेषेपासून २७ अंशांवर आणि फोर्कचा ऑफसेट (मानेच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे तो) ६० मिलिमीटर धरला तर ट्रेल, म्हणजे मानेची रेषा जमिनीला लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, येतो सुमारे ९८ मिलिमीटर. तेच ३८ अंश केलंत आणि ऑफसेट तसाच ठेवलात तर ट्रेल १७८ च्या आसपास. एक्स्प्रेसवेवर सरळ रेषेत मजा येईल, पण सिग्नलला हळू वळताना हँडल एका बाजूला धपकन पडेल आणि मनगटं भरून येतील. म्हणून कोन वाढवायचा तर यॉक (फोर्कच्या नळ्या मानेला धरून ठेवणारे तुकडे) त्या हिशेबाने बनवून घ्या. नुसती फोर्क लांबवून मान तशीच ठेवण्याचा स्वस्त उपाय तर अजिबात नको, गाडीचं नाक वर जातं आणि सगळाच तोल बिघडतो.

फोर्कबद्दल अजून एक. बुलेटच्या मूळ नळ्या वर हेडलाइटच्या केसिंगमध्येच आट्यांनी बसतात. केसिंग काढून बारीक दिवा लावायचा तर वरचा यॉक नवा लागतो, हे लोकांना केसिंग काढल्यावर कळतं. नळी लांब हवी तर अखंड लांब नळी करून घ्या. जुन्या नळीवर आट्यांनी वाढवणीचा तुकडा बसवून दिलेला असेल तर तो काढून भंगारात द्या, मी चर्चा करणार नाही. सगळा भार त्या आट्यांवर येतो आणि ते तुटतात तेव्हा तुम्ही गाडीवर असता. पुढचा ब्रेक 'लुक बिघडतो' म्हणून काढला असेल तर परत बसवा. हेही चर्चेचं नाही.

टाकी. जुन्या चॉपरवर बहुधा हाताने ठोकलेली किंवा फायबरची शेंगदाण्याच्या आकाराची टाकी असते. पत्र्याची असेल तर गंज काढा, जोडावर साबणाचं पाणी लावून हवा भरून बघा. फायबरची असेल तर सावध. हल्ली पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रेझिन मऊ पडतं आणि तो चिकट राळ कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. आतून लावलेला सीलरही इथेनॉलला टिकणारा हवा. रबरी नळ्या सगळ्या नव्या.

वायरिंग. ६ व्होल्ट आहे की १२, आणि अर्थिंग कुठल्या टोकाला आहे, हे आधी तपासा, अंदाजाने बल्ब घेऊ नका. उंच हँडलच्या आतून वायर नेली असेल तर भोकाच्या काठाला रबरी ग्रॉमेट, नाहीतर वायर घासून शॉर्ट. फ्यूज लावा.

रंग. पावडर कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या आसपास तापते, आधीची पुट्टी तिथे टिकत नाही. बेअरिंगच्या वाट्या आणि आटे झाकून द्या. आणि नंबर! उष्णता सोसणारी टेप लावा, स्वतःच्या हाताने, दुकानात उभं राहून. 'आम्ही करतो' वर जाऊ नका. भट्टीतून आल्यावर पुन्हा कागद लावा, पेन्सिल घासा, फाइलमधल्या छापेशी ताडून बघा, मगच पैसे द्या. गाडीचा रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद.

जुळणी. स्टिअरिंगचे छर्रे नवे, स्पोक ताणून, चेन एका रेषेत. ऑइल भरा, किल्ली बंद ठेवून किक मारत ते वर चढू द्या, मग सुरू करा. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा.

केबल्स उंच हँडलच्या मापाने बनवून घ्याव्या लागतात आणि तेवढ्या लांब केबल्स हायवेवर कुठेही मिळत नाहीत. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा केबल सीटखाली बांधून ठेवा.