जर्मन पाणबुडीचा युद्धकालीन सेवा-इतिहास कसा जुळवावा

एखाद्या यू-बोटीची, म्हणजे जर्मन पाणबुडीची, कारकीर्द लिहायला घेतली की हात आधी बुडवलेल्या जहाजांच्या यादीकडे जातो. ती यादी शेवटी करा. तारखा, घड्याळ आणि जागा आधी पक्क्या झाल्या नाहीत, तर यादीतला एकही दावा तपासता येत नाही.

उदाहरणाला यू-१८० घेऊ. सुभाषचंद्र बोस जर्मनीतून निघाले ते हिच्यातून. ब्रेमेनच्या एजी वेझर गोदीत बांधलेली ही बोट १६ मे १९४२ रोजी सेवेत दाखल झाली आणि कीलहून ९ फेब्रुवारी १९४३ रोजी पहिल्या सफरीवर निघाली. मधल्या जवळपास नऊ महिन्यांची पाने गहाळ आहेत असे समजू नका. तो बाल्टिकमधल्या चाचण्यांचा आणि सरावाचा काळ. तेव्हा ती श्टेटिनच्या ४ थ्या फ्लोटिलात (पाणबुड्यांच्या तुकडीत) होती, नंतर बोर्दोच्या १२ व्या फ्लोटिलात गेली. फ्लोटिलाकडे दुरुस्ती, रसद आणि माणसे असत; सफरीचे हुकूम पाणबुडीदलाचा प्रमुख ड्योनिट्झ याच्या मुख्यालयातून सुटत. त्यामुळे फ्लोटिलाच्या तळावरून सफरीचा प्रदेश ठरवू नका.

मुख्य कागद म्हणजे युद्धदैनंदिनी, जर्मन संक्षेपात केटीबी. ती फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आरएम ९८ या गटात आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टी-१०२२ या मायक्रोफिल्ममालेत सापडते. रकाने असे: तारीख व वेळ, जागा, वारा, समुद्र, दृश्यता, घडामोडी. अडचण शेवटच्या सफरीची. बोट परतली नाही तर वहीही तिच्याबरोबर बुडाली. तेवढ्या भागासाठी मुख्यालयाची दैनंदिनी आणि बिनतारी संदेशांवर भागवावे लागते.

आता घड्याळ. बहुतेक चुका इथेच होतात. बोट कुठल्याही महासागरात असो, दैनंदिनीत वेळ जर्मनीची असते: ग्रिनिचच्या १ तास पुढे, उन्हाळी वेळ असेल तेव्हा २ तास. जर्मनीने १ एप्रिल १९४० ला लावलेली उन्हाळी वेळ थेट २ नोव्हेंबर १९४२ पर्यंत ठेवली, म्हणजे मधल्या दोन्ही हिवाळ्यांतही २ तासच वजा करायचे. ००.४० चा हल्ला ग्रिनिच वेळेने आदल्या दिवशी २२.४० ला जातो, आणि मग एकाच जहाजाच्या बुडण्याच्या दोन तारखा पुस्तकांतून फिरत राहतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर सकाळी ८ वाजता ‘अंधार’ लिहिलेला दिसला तर दचकू नका. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते.

जागा अक्षांश-रेखांशात क्वचितच मिळते. दोन अक्षरे आणि चार अंक असतात, उदाहरणार्थ एके ३९२१. मोठा चौकोन ४८६ सागरी मैलांचा. प्रत्येक अंक त्याचे तीन-बाय-तीन भाग करतो: १६२, ५४, १८ आणि शेवटी ६ मैल. १ वरचा डावा, ९ खालचा उजवा. शून्य कधीच नसते. दिसले तर स्कॅन पुन्हा पाहा, बहुधा पुसट ८ किंवा ६ असेल. मूळ चौकोन-नकाशाच वापरा, कारण चौकोनाची रेखांशातली रुंदी अक्षांशानुसार बदलते. आणि ६ मैलांच्या अचूकतेला भुलू नका. आठवडाभर आभाळ भरलेले असेल तर ती जागा वेग आणि दिशेवरून काढलेला अंदाज असते. बिनतारी संदेशांतले चौकोन तर सांकेतिक असू शकतात. ते उलगडल्याशिवाय नकाशावर मांडू नका.

मग दावे. कप्तान अंधारात आकृतीवरून टनभार ठरवी, आणि धावून संपलेल्या टॉर्पेडोचा स्फोटही ‘लागला’ म्हणून लिहिला जाई. स्कापा फ्लोमध्ये १४ ऑक्टोबर १९३९ रोजी यू-४७ ने ब्रिटिश युद्धनौका ‘रॉयल ओक’ बुडवली हे खरे, पण तिचा कप्तान प्रीन याने जखमी केल्याचे सांगितलेली दुसरी युद्धनौका ‘रिपल्स’ तिथे नव्हतीच. म्हणून प्रत्येक नोंद दोस्त राष्ट्रांच्या जहाजनुकसानीच्या यादीशी ताडून पाहा. टॉर्पेडोंचा हिशेबही मांडा: पाणबुडीच्या सातव्या-सी प्रकारात १४, नवव्या-सीमध्ये २२ मावत. व्यापारी जहाजाचा ग्रॉस टन म्हणजे १०० घनफूट जागा, युद्धनौकेचा टन म्हणजे विस्थापित पाण्याचे वजन. दोन्हींची बेरीज करू नका.

यू-१८० ने ‘कॉर्बिस’ (८,१३२) आणि ‘बोरिस’ (५,१६६) ही जहाजे बुडवली, एकूण १३,२९८ ग्रॉस टन. पण २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करजवळ बोस जपानी पाणबुडी आय-२९ वर गेले, ही तिची सर्वांत मोठी कामगिरी, टनभाराच्या रकान्यात कुठेच बसत नाही. तिला वेगळी ओळ द्या. पुढे त्रासदायक इंजिने बदलून तिला मालवाहू केले आणि टॉर्पेडोनळ्या काढल्या, तेव्हा शस्त्रांचा तपशील सफरनिहाय लिहा.

शेवट लिहिताना ‘बुडवली’ आणि ‘बेपत्ता’ यांत गल्लत नको. मार्च १९४१ मध्ये नाहीशी झालेली यू-४७ अनेक वर्षे ब्रिटिश विनाशिका ‘वुल्व्हरिन’च्या खात्यावर होती, पुढे कळले की तो हल्ला यूए या दुसऱ्याच पाणबुडीवर झाला होता. यू-१८० बद्दल पाणसुरुंगाचा तर्क मांडला जातो. नोंद मात्र अशी करा: ऑगस्ट १९४४, बिस्केचा उपसागर, बेपत्ता; ५६ मृत; कारण अनिश्चित.