व्याख्या पाठ, तरी शब्द परका: इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना या चुका टाळा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी नेमाने शब्दकोश उघडणाऱ्या, नवे शब्द वहीत उतरवून त्यांचे अर्थ पाठ करणाऱ्या मंडळींची एक ठरलेली तक्रार असते. वाचताना शब्द ओळखू येतो, त्याची व्याख्याही सांगता येते. मात्र स्वतः चार ओळी लिहायची वेळ आली की तोच शब्द एकतर आठवत नाही, किंवा आठवला तरी भलत्याच जागी जाऊन बसतो. मग दोष स्मरणशक्तीच्या माथी मारला जातो आणि उपाय म्हणून आणखी शब्द, आणखी पाठांतर सुरू होते. खरे पाहता बिघाड बहुतेक वेळा व्याख्या वाचण्याच्या पद्धतीत असतो. व्याख्या शब्दाची हद्द आखून देते. तो कशाला लागू पडतो आणि कशाला पडत नाही, हे ती सांगते. शिकणारा तिला शब्दाच्या बदली वापरायचा पर्याय समजून बसतो, आणि पुढच्या बऱ्याच चुका या एका गैरसमजातून निघतात.

व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलणे

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात लिहिलेल्या लेखात या चुकीचे फार बोलके नमुने दिले आहेत. शाळकरी मुलांना शब्दकोशातील व्याख्या वाचून अनोळखी शब्द वाक्यात वापरायला सांगितले होते. ‘इरोड’ या क्रियापदाच्या व्याख्येत ‘ईट आउट’ असे शब्द होते, म्हणजे पोखरत, झिजवत खाऊन टाकणे. एका मुलाने लिहिले, ‘अवर फॅमिली इरोड्ज अ लॉट’. आमच्या घरचे वरचेवर बाहेर जेवायला जातात, एवढेच त्याला म्हणायचे होते. ‘स्टिम्युलेट’च्या व्याख्येत ‘स्टर अप’ सापडल्यावर दुसऱ्याने एका बाईंना सूप ‘स्टिम्युलेट’ करायला लावले, तर ‘मेटिक्युलस’ म्हणजे ‘व्हेरी केअरफुल’ हे वाचून तिसऱ्याने कड्यावरून पडण्याबाबत आपण ‘मेटिक्युलस’ होतो, असे लिहून टाकले.

या वाक्यांचे हसू येते, पण मुलांनी अवलंबलेली रीत तर्काला धरूनच होती: व्याख्येत ओळखीचा शब्द शोधायचा, त्या शब्दाचे वाक्य मनात जुळवायचे आणि मग तो काढून तिथे नवा शब्द बसवायचा. मोठी माणसेही हेच करतात. त्यांची वाक्ये इतक्या उघडपणे फसत नाहीत, म्हणून चूक वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही, इतकाच काय तो फरक.

या सवयीवर उतारा असा की, व्याख्या वाचल्यावर लगेच वाक्य करण्याच्या भानगडीत न पडता त्याच नोंदीखालची दोन-तीन उदाहरणवाक्ये वाचावीत आणि त्यांतून तीन गोष्टी हुडकाव्यात: ही क्रिया कोण करते, कशावर करते आणि ती कशी घडते. ‘इरोड’ करणारा बहुधा वारा, पाऊस किंवा समुद्र असतो. झिजतो तो खडक, माती किंवा किनारा. आणि हे घडते हळूहळू, थरामागून थर जात. हे धागे हाती आले की विश्वास, अधिकार किंवा पैशाचे मूल्य यांच्या बाबतीतही हाच शब्द का वापरतात ते उलगडते, आणि जेवायला निघालेले कुटुंब या क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘मेटिक्युलस’चेही तसेच आहे. ही दक्षता कामातल्या बारीकसारीक तपशिलांविषयीची असते. हिशेब, संशोधन, नियोजन अशा शब्दांच्या सोबतीने ती दिसते. धोक्यापासून जिवाला जपणे ही निराळी गोष्ट असून तिला साधा ‘केअरफुल’ पुरतो.

व्याख्येचा उत्तरार्ध गाळणे

तर्कशास्त्राच्या जुन्या रीतीप्रमाणे चांगल्या व्याख्येचे दोन भाग असतात: वस्तू कोणत्या जातीची आहे हे सांगणारा, आणि त्याच जातीतल्या इतरांपासून तिला वेगळी काढणारा, म्हणजे व्यवच्छेदक. इंग्रजी व्याख्येत जातिवाचक शब्द सहसा आधी येतो. ‘स्ट्रोल’, ‘मार्च’, ‘लिंप’ आणि ‘ट्रज’ या चारही क्रियापदांच्या व्याख्या ‘टू वॉक’ने सुरू होतात, डोळा तिथेच थांबतो आणि वहीत चार वेळा ‘चालणे’ उतरते. असे चार शब्द पाठ केल्यावर शब्दसंग्रह कणभरही वाढलेला नसतो, कारण ‘वॉक’ आधीच येत होता. रमतगमत चालणे, ठेक्यात पावले टाकत चालणे, लंगडत चालणे आणि दमल्यामुळे किंवा चिखलातून पाय ओढत चालणे, हा जो फरक आहे तोच शिकण्याचा विषय होता, आणि नेमका तोच सुटला.

यासाठी माझा सल्ला थोडा उलटा आहे. वहीत जातिवाचक शब्द लिहूच नये, व्यवच्छेदक तेवढा लिहावा. ‘ट्रज’समोर ‘जड पावलांनी, थकून’ एवढेच असावे. चालण्याबद्दल बोलणे आहे हे उदाहरणवाक्य सांगेलच.

मराठी प्रतिशब्दांबद्दलचा वादही इथेच मिटू शकेल. इंग्रजी शिकताना मातृभाषेला हातच लावायचा नाही, असा आग्रह काही जण धरतात. तो मला अनाठायी वाटतो. ‘हॅमर’ म्हणजे हातोडा हे एका शब्दात कळत असताना दांडा, लोखंडी डोके आणि खिळे यांचे इंग्रजी वर्णन वाचत बसण्यात वेळेचा अपव्यय आहे. अडचण होते ती एका मराठी शब्दाखाली दोन इंग्रजी शब्द येतात तेव्हा. ‘शेड’ आणि ‘शॅडो’ दोन्ही वहीत ‘सावली’ म्हणून नोंदले गेले तर पुढे गोंधळ अटळ आहे. झाडाखाली उन्हापासून मिळणारा आडोसा ‘शेड’ असतो, तर भिंतीवर उमटलेली, माणसाच्या आकाराची काळी आकृती ‘शॅडो’ असते. असा प्रसंग आला की प्रतिशब्द बाजूला ठेवून दोन्ही व्याख्या समोरासमोर मांडाव्यात आणि त्या जिथे फुटतात त्या जागेवर बोट ठेवावे.

भलता शब्दकोश हाती घेणे

सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशात ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाची व्याख्या ‘रेटिक्युलेटेड’, ‘डेकसेटेड’ आणि ‘इंटर्स्टिसेस’ अशा शब्दांनी केलेली आहे. ज्याला ‘नेटवर्क’ कळत नाही त्याला यातले काय कळणार, हा प्रश्न विचारावासा वाटतो. पण तो शब्दकोश मुळी परभाषक विद्यार्थ्यांसाठी नव्हताच. मातृभाषक प्रौढांसाठी रचलेल्या आजच्या मोठ्या कोशांतही ही अडचण सौम्य रूपात असते. एका शब्दासाठी उघडलेल्या कोशातून आणखी तीन अनोळखी शब्द पदरात पडतात, आणि कधीकधी त्यांतला तिसरा पुन्हा पहिल्याकडेच बोट दाखवतो.

हा पेच सोडवण्यासाठी शिकणाऱ्यांचे कोश निघाले. मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या १,४९० शब्दांच्या मर्यादेत लिहिल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला, आणि आजचा ऑक्सफर्डचा प्रगत विद्यार्थी कोश त्याचाच वंशज आहे. लाँगमनने १९७८ च्या कोशात व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची चौकट घातली. १९८७ च्या कॉलिन्स कोबिल्डने तर व्याख्या पूर्ण वाक्यात दिली, म्हणजे शब्द कोणत्या कर्त्याबरोबर आणि कोणत्या कर्माबरोबर येतो हे व्याख्या वाचतानाच दिसते. ‘इरोड’सारख्या चुकांवर ही मांडणी मला सर्वांत गुणकारी वाटते. यांपैकी कोणताही कोश चालेल. ‘सोपा’ म्हणून त्याला कमी लेखू नये.

नोंदीतला पहिलाच अर्थ घेऊन निघणे

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले होते. टोकाचे उदाहरण म्हणून ते सोडले, तरी नेहमीच्या शब्दांनाही पाच-सात अर्थ सहज असतात, आणि शिकणारा पहिला वाचून कोश मिटतो. त्यात आणखी एक गोम आहे. अर्थांचा क्रम सर्व कोशांत एकाच तत्त्वावर नसतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश आणि अमेरिकेतला मेरियम-वेबस्टर कोश यांच्यात अर्थ ऐतिहासिक क्रमाने येतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी; तो आज प्रचारात असेलच असे नाही. विद्यार्थ्यांच्या कोशांत बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ वर असतो. आपल्या कोशाची रीत कोणती, हे प्रस्तावनेत दिलेले असते आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही.

योग्य अर्थ निवडताना आधी वाक्याकडे पाहून शब्द नाम आहे की क्रियापद, हे ठरवावे. निम्मे अर्थ तिथेच गळून पडतात. ‘टू ॲड्रेस द प्रॉब्लेम’ या वाक्यांशात पत्त्याचा काही संबंध नाही, हे क्रियापद ओळखल्याबरोबर ध्यानात येते. उरलेल्यांतून निवडलेला अर्थ मूळ वाक्यात घालून पाहावा आणि पुढचे-मागचे वाक्य त्याच्याशी जुळते का ते तपासावे.

नोंदीशेजारच्या खुणा न वाचणे

तिरप्या अक्षरातल्या छोट्या खुणा शोभेच्या नसतात. क्रियापद सकर्मक आहे हे पाहिले असते तर ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावला गेला नसता, आणि नाम अगणनीय आहे हे वाचले असते तर ‘ॲडव्हाइस’ किंवा ‘फर्निचर’ यांचे अनेकवचन झाले नसते. शब्द औपचारिक आहे की बोलीतला, जुनाट आहे की निंदाव्यंजक, हेही तिथेच कळते. ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ यांच्या व्याख्या जवळपास सारख्या वाटतात, पण पहिल्यात निरागसतेचे कौतुक आहे आणि दुसऱ्यात पोरकटपणाची निंदा. देशवाचक खूण तर कधी अर्थ साफ उलटवते: सभेत प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेला घेणे, आणि अमेरिकन इंग्रजीत तो बाजूला ठेवणे.

दुर्मीळ शब्दांच्या मागे लागणे

भारदस्त शब्दांचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु आकडे त्याच्या बाजूने नाहीत. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची सामान्य शब्दांची यादी सुमारे २,००० मुख्य शब्दांची होती, आणि तेवढ्यात रोजच्या मजकुराचा फार मोठा भाग सामावतो. ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या शैक्षणिक शब्दसूचीत केवळ ५७० शब्दकुटुंबे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुटुंब) आहेत, तरी अभ्यासग्रंथांतील दर १०० शब्दांपैकी सुमारे १० त्यांतले असतात. कादंबरी किंवा वृत्तपत्र मदतीविना वाचण्यासाठी, म्हणजे मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी, ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ चा अंदाज आहे. ‘डिस्पाइट’ आणि ‘व्हेअरॲज’ अचूक वापरता येत नसताना रोज एक विचित्र शब्द गोळा करणे ही करमणूक झाली. ती जरूर करावी, पण तिला अभ्यास म्हणू नये.

यादी मिळाली तरी सारखे दिसणारे किंवा एकाच गटातले शब्द एका बैठकीत घेऊ नयेत. अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकल्यास ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो, असे थॉमस टिंकम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत आढळले होते. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांतला एक आधी पक्का करावा, दुसरा काही दिवसांनी घ्यावा. समोरासमोर तुलना करायची ती गोंधळ झालेला असेल तेव्हाच.

वही पुन्हा पुन्हा वाचणे

उजळणी म्हणजे वही वाचून काढणे, ही समजूत फसवी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन केलेल्या प्रयोगात, पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले; आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. वाचताना सगळे येतेच आहे असे वाटते, ते या पहिल्या पाच मिनिटांच्या जोरावर.

तेव्हा शब्द झाकून व्याख्येवरून तो आठवावा, आणि दुसऱ्या दिवशी व्याख्या झाकून ती स्वतःच्या शब्दांत सांगावी. या दोन दिशा वेगळ्या आहेत, आणि नेमके काय अडते यावर कोणती घ्यायची ते ठरते. शब्द वाचताना कळतो पण लिहिताना सुचत नाही, अशी तक्रार असेल तर प्रत्येक शब्दासाठी एक छोटे कार्ड करून त्याच्या पुढच्या बाजूला व्याख्या आणि रिकामी जागा सोडलेले वाक्य, व मागे शब्द, अशी रचना करावी. शब्द सुचतो पण चुकीच्या जागी बसतो, असे असेल तर कार्डावर व्याख्येऐवजी दोन उदाहरणवाक्ये घालावीत. उजळणीतले अंतर वाढवत नेण्यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्यांची पद्धत अजूनही उत्तम चालते: आठवलेले कार्ड पुढच्या खोक्यात जाते आणि उशिरा परत येते, अडलेले पहिल्या खोक्यात येते. एखादे कार्ड इतके करूनही सतत पहिल्याच खोक्यात परतत असेल तर ते काढून टाकायला हरकत नाही. गरजेचा शब्द असेल तर तो वाचनात पुन्हा भेटेल, आणि तेव्हा त्याच्यासोबत त्याचे वाक्यही आलेले असेल.