पाण्यातलं फ्लोराइड आणि दात : या चुका टाळा

पाणी तपासून घ्यायला प्रयोगशाळेत आलेला माणूस बाटली टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "यात फ्लोराइड आहे का हो?" असतंच. जमिनीतून आलेल्या बहुतेक पाण्यात ते थोडंफार असतं. विचारायला हवं ते "किती?" आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. कुणाच्या डोक्यात फ्लोराइड म्हणजे विष, कुणाच्या डोक्यात दातांचं टॉनिक. दोघंही आकडा न बघताच घरी निघतात.

आकड्यांचा पल्ला खरं तर फारच अरुंद आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळतात, तिथे 2015 पासून शिफारस आहे लिटरला 0.7 मिलिग्रॅमची. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा 1.5. त्यापुढे वाढत्या वयाच्या मुलांच्या दातांवर डाग पडायची शक्यता वाढत जाते. वर्षानुवर्षं 3 ते 6 मिलिग्रॅमचं पाणी पोटात गेलं, तर हाडांवर परिणाम दिसू शकतो. म्हणजे फायदा आणि त्रास यांच्यात एका मिलिग्रॅमचंही अंतर नाही. इतक्या बारीक फरकाचा निर्णय चवीवर, रंगावर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर घेता येत नाही.

टीडीएस मीटरवर विसंबणं

ही मला सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक. पेनासारखं मीटर पेल्यात बुडवलं, 180 आकडा आला, "पाणी एकदम चांगलं" म्हणून शिक्का मारला. ते मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. कुठला क्षार किती, हे त्याला कळत नाही. फ्लोराइड 0.3 असो की 3, मीटरच्या आकड्यात तो फरक बुडून जातो.

इथे एक गंमत आहे. कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचं फारसं जमत नाही. दोन्ही एकत्र आली की कॅल्शियम फ्लोराइड बनतं आणि ते पाण्यात जेमतेमच विरघळतं. त्यामुळे ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात फ्लोराइडला वाढायला वाव कमी. उलट कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असं मऊ पाणी खडकातलं फ्लोराइड सहज ओढून घेतं. साबणाला छान फेस येतो, भांड्यांवर पांढरे थर बसत नाहीत, पाणी गोड लागतं, आणि अहवालात फ्लोराइड मर्यादेच्या वर. हा काही अटळ नियम नव्हे, पण "मऊ पाणी म्हणजे सुरक्षित" हा समज काढून टाकायला पुरेसा आहे.

नमुना चुकीचा घेणं

नमुना काचेच्या बाटलीत आणू नका. फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होऊ शकते, म्हणून स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या आणि त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. बोअरवेल असेल तर पंप आधी काही मिनिटं चालू द्या, नाहीतर पाइपात साचलेलं पाणीच तपासून होईल. शेजारच्या बोअरचा अहवाल आपला मानू नका. खोली बदलली, खडक बदलला की आकडा बदलतो. पावसाळ्यानंतरचा आणि कडक उन्हाळ्यातला आकडाही वेगळा येऊ शकतो. अहवालात पीपीएम लिहिलं असेल तर गोंधळू नका, पिण्याच्या पाण्यापुरतं पीपीएम आणि लिटरला मिलिग्रॅम एकच धरा.

उकळणं, गाळणं, तुरटी फिरवणं

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र भांड्यातच राहतं. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. 1.5 मिलिग्रॅमचं 2 लिटर पाणी आटून दीड लिटर झालं, तर प्रमाण 2 वर गेलं. घरात लहान मूल आहे म्हणून पाणी खळाखळा उकळणाऱ्यांना हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

कँडलचा फिल्टर, साधा कार्बन, यूव्ही दिवा यांपैकी काहीही फ्लोराइडला भरवशाने रोखत नाही. तुरटीचा खडा दोनदा फिरवला की गाळ बसतो, एवढंच. तुरटी वापरून फ्लोराइड काढायची पद्धत खरोखर आहे. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने विकसित केलेली ती नालगोंडा पद्धत. पण तिथे तुरटीबरोबर चुना लागतो, आणि पाण्यातलं फ्लोराइड व क्षारता पाहून दोन्हींचं माप ठरवावं लागतं.

सक्रिय ॲल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, फिल्टर काम करतो, पण दाणे भरले की फ्लोराइड धरणं मुकाट्याने थांबतं. चव तीच, धार तीच, फ्लोराइड मात्र आरपार. आरओ बहुतेक फ्लोराइड काढतो. पडदा जुना झाला की त्याचंही तसंच होतं. म्हणून दोन बाटल्या आणा, एक फिल्टरच्या आधीची, एक नंतरची, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा आणा. आरओतून फेकलं जाणारं पाणी स्वयंपाकाला वापरू नका, काढलेलं सगळं त्यातच साठलेलं असतं. आणि मुळात आकडा कमी असेल तर फ्लोराइडच्या भीतीने आरओ बसवायचं कारणच नाही.

डाग चुकीचा वाचणं

दातावरचा प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो. फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारा डाग, बहुधा जोडीने येतो: डाव्या बाजूच्या दातावर जसं, तसंच उजव्या बाजूच्या त्याच दातावर. सौम्य असेल तर आडव्या, पुसट पांढऱ्या रेषा. जास्त असेल तर खडूसारखे पट्टे, पुढे तपकिरी रंग. हिरडीच्या कडेला एखाद्याच दातावर निस्तेज पांढरा ठिपका असेल, तर ती कीड लागण्याची सुरुवात असू शकते. त्याला फ्लोराइड कमी नव्हे, उलट फ्लोराइडची पेस्ट हवी असते.

हे डाग वाचायला शिकण्यात जगाची तीस वर्षं गेली. फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला, तेव्हा तिथल्या लोकांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. त्याहून विचित्र म्हणजे ते दात किडीला दाद देत नव्हते. 1923 मध्ये तो आयडाहोतल्या ओकली गावी गेला. तिथे नवी जलवाहिनी आल्यापासून मुलांचे दात डागाळले होते. त्याने ते पाणी बंद करायला सांगितलं. पाण्यात काय आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाला फ्लोराइड सापडलं ते 1931 मध्ये. पाणी बदलल्यावर ओकलीच्या नंतरच्या मुलांचे दात स्वच्छ आले. प्रमाण मोजून, मुद्दाम फ्लोराइड मिसळलेलं पाणी पहिल्यांदा दिलं गेलं 1945 मध्ये, ग्रँड रॅपिड्स शहरात.

ओकलीची गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी. एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, तयार होतं ते दात हिरडीच्या आत असताना. पुढचे कायमचे दात सहा-सात वर्षांनी बाहेर येतात, पण त्यांच्यावरचा डाग पहिल्या तीन-चार वर्षांतल्या पाण्याचा असतो. दातांवर दिसतो तो जुना हिशेब. आठवीतल्या मुलाचे डाग पाहून पाणी बदललं, तर त्याचे डाग जाणार नाहीत. फायदा होईल तो धाकट्या भावंडाला. विशेषतः पावडरचं दूध त्या पाण्यात कालवून पिणाऱ्या बाळाला, कारण आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं. डाग घासून काढायचा प्रयत्नही नको. तो एनॅमलच्या आत असतो. कोळसा किंवा आंबट काही चोळून फक्त एनॅमल झिजतं. दंतवैद्याकडे त्याचे उपाय आहेत.

पाण्याचा राग पेस्टवर काढणं

"आमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून पेस्ट बंद केली." ही घाई करू नका. फ्लोराइडचा किडीविरुद्धचा मुख्य फायदा दाताच्या पृष्ठभागावर होतो. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल बनवतात, पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर खनिजं परत बसतात, आणि बसताना जास्त चिवट होऊन बसतात. पेस्ट हे काम करते आणि थुंकली जाते. प्रश्न येतो तो गिळणाऱ्या लहान मुलांचा.

जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात. ती साधारण एक ग्रॅम भरते, आणि 1000 पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. मुलाने ती गिळली, तर 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेचं अर्ध्या लिटरहून जास्त पाणी प्यायल्यासारखं झालं. म्हणून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि तीही मोठ्यांनी काढून द्यायची. पाण्यातला आकडा 1.5 च्या वर असेल तर लहानग्यांची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवा. मोठ्यांची चूक नेमकी उलटी: घासून झालं की चार-चार चुळा भरून सगळं फ्लोराइड धुऊन टाकतात. थुंका आणि तसंच राहू द्या.

ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. 100 ग्रॅमच्या, 1000 पीपीएमच्या ट्यूबमध्ये 100 मिलिग्रॅम फ्लोराइड असतं; दहा किलोच्या मुलाने अर्धी खाल्ली तर ते धोक्याच्या पातळीला पोचतं. तसं झालंच तर थोडं दूध पाजा आणि उलटी होण्याची वाट न बघता ट्यूब हातात घेऊन दवाखाना गाठा.